गाय कशानं मेली, एवढं तरी कळू द्या

मार्च २०२३ मध्ये लासलगावला कांदा असा पडला की ट्रॅक्टरचं भाडंसुद्धा सुटेना. माझ्या भावानं शेवटच्या दोन ट्रॉल्या मार्केटला नेल्याच नाहीत, गोठ्याच्या मागं ओतून दिल्या. निफाड तालुक्यात त्या महिन्यात असे ढीग जिकडेतिकडे होते, त्यात अवकाळी पाऊस, कांदा सडायला लागलेला, आणि चारा महाग, मग गाय कांद्यात तोंड घालतेय म्हटल्यावर कोण हाकलणार? उलट बरंच वाटतं की चला, कुणाच्या तरी पोटात जातोय.

आठवड्याभरानं चंद्रीचं दूध तुटलं. चंद्री म्हणजे आमची एचएफ, होल्स्टिन जातीची गाय, दुसऱ्या वेताची. वहिनी सकाळी शेण काढायला गेली तर गाईच्या मागं लघवी साचलेली, कोऱ्या चहासारखी, तो पण खूप वेळ उकळलेला चहा. वहिनीनं तिची खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक. मी नेमकी त्या दिवशी गावी होते. गाय उभी होती पण बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या, आणि एवढी अंगापिंडानं मोठी गाय दावणीपासून हौदापर्यंत जाताना दोनदा अडखळली.

डॉक्टर आले. लाल लघवी बघितली, कानामागं चार गोचीड दिसले, म्हणाले गोचीडताप. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. मी विचारलं की रक्ताची तपासणी होईल का, तर म्हणाले, "ताई, कानातून थेंबभर रक्त घेऊन स्लाइड करून देतो हो, पण बघायची कुठं? मायक्रोस्कोप आहे, त्याचा बल्ब जाऊन दीड वर्ष झालं." त्या माणसाकडं किती गावं आहेत ते मला माहितीये, त्यामुळं त्यांच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिसऱ्या दिवशी दुपारी गाय बसली ती उठलीच नाही. आई तिच्या तोंडाशी बसलेली, अर्ध्या तासानं म्हणाली, "हिच्या श्वासाला कांद्याचा वास येतोय गं." मग कुणीच काही बोललं नाही. संध्याकाळी जेसीबी आला, खड्डा झाला, मीठ टाकलं, विषय मिटला.

तर चंद्री कांद्यानं मेली का? आजही मला नक्की सांगता येत नाही. आणि माझं भांडण याच्याशीच आहे.

लाल लघवी हे लक्षण आहे, रोग नाही. गोचिडातून येणारा बबेसिया नावाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून लघवी लाल होते. कांद्यातली गंधकाची संयुगं पोटात गेल्यावर त्याच पेशींमधलं हिमोग्लोबिन बिघडवतात, पेशी फुटतात, लघवी लाल. कोबी-फ्लॉवरचा पाला ढिगानं घातला तरी जवळपास तसंच होतं, आणि नाशिक जिल्ह्यात कोबी काय कमी आहे का. नुकत्याच व्यालेल्या दुधाळ म्हशीला फॉस्फरस कमी पडला की लाल लघवी. लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूनं पण लाल लघवी, विशेषतः वासरांना. मेंढीच्या लिव्हरमध्ये तांबं साठत गेलं की एक दिवस अचानक लाल लघवी. एवढी सगळी कारणं, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि आमच्याकडं निदानाचं साधन काय तर कानामागचे चार गोचीड. ते तर या भागातल्या कुठल्याही जनावराला सापडतील हो.

बरं, यातली पहिली दोन वेगळी काढायला रॉकेट सायन्स लागत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, स्टेन करायचा, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून रंगवायचा, आणि बघायचं. बबेसिया असेल तर पेशीच्या आत नाशपातीसारखे जोडीजोडीनं दिसतात. कांद्याची बाधा असेल तर वेगळ्या स्टेनमध्ये पेशीच्या कडेला बारीक गोळी चिकटल्यासारखी दिसते, तिला हाइन्झ बॉडी म्हणतात. अर्ध्या तासाचं काम. आणि दोन्हीतला फरक जगण्यामरण्याचा आहे, कारण कांद्याच्या केसमध्ये पहिलं औषध म्हणजे कांदा बंद करणं, आणि आमची गाय इंजेक्शन घेऊनसुद्धा पुढचा दीड दिवस त्याच ढिगाशी जात होती.

"आमच्या शेळ्या वर्षानुवर्षं कांदा खातात, काही होत नाही" असं मला किमान दहा जणांनी सांगितलंय. खरंय ते. शेळ्या-मेंढ्यांना कांदा बऱ्यापैकी पचतो, गाय मात्र त्याला सगळ्यात कच्ची. थोडा कांदा दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, हळूहळू सवय लावून गाईलाही चालतो, ढीग मोकळा सोडला की घात होतो. एवढी साधी गोष्ट कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या तालुक्यात दर मंदीला दवंडी पिटून सांगायला हवी. सरकारनं त्या वर्षी कांद्याला क्विंटलमागं ३५० रुपये अनुदान दिलं, चांगलं केलं, पण न विकलेला कांदा जातो कुठं आणि कुणाच्या पोटात, हे कुणी विचारलं का?

आता मी हे एवढं तावातावानं का लिहितेय तर माझी नोकरी. मी नाशकात एका लॅबमध्ये आहे. नाव सांगत नाही, गरज पण नाही. आमच्याकडं एक्स्पोर्टच्या द्राक्षांचे नमुने येतात, त्यात कीटकनाशकांचा किती अंश उरलाय ते बघायचं. जानेवारी ते एप्रिल आम्हाला रात्र-दिवस कळत नाही. प्रत्येक पुडक्यावर सील, प्लॉटचा नोंदणी नंबर, कुठली फवारणी कधी झाली त्याचा हिशेब. द्राक्षं वाटून त्याचा गर करायचा, अर्क काढायचा, मशीनला लावायचा, आणि मशीन एका किलोत मिलिग्रॅमचा शंभरावा भाग असेल तरी पकडतं. जुने लोक सांगतात, २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या, आपल्याकडं ज्याला सीसीसी म्हणतात त्या औषधाचे अंश सापडले, युरोपात कंटेनर अडकले, बागाईतदारांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर सगळे असे सुधारले की विचारू नका. पैसा बुडाला की आपली सिस्टिम काय धावते बघा.

म्हणजे हॉलंडमधला माणूस जो घड खाणार आहे त्याचा आगापिछा आम्हाला माहीत. त्याच बागेतलं गवत खाऊन त्याच बांधावर मेलेल्या गाईचं काय? तिच्या नावापुढं "विषबाधा असावी" किंवा "सर्पदंश असावा". हा "असावा" फार सोयीचा शब्द आहे. कुणाला काही करावं लागत नाही.

संसर्गाच्या बाबतीत आपण एवढे गाफील नाही, हे मान्य करायला हवं. ज्या संस्थेला आज आपण आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणतो ती १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, नंतर मुक्तेश्वरला गेली, आणि तेव्हा सगळ्यात मोठा शत्रू होता बुळकांडी. गावंच्या गावं रिकामी करणारा रोग. भारतात त्याची शेवटची साथ १९९५ ची, आणि २०११ मध्ये तर तो जगातूनच गेला. आत्ताच्या पोरांना बुळकांडी फक्त शिवीतच माहीत आहे, यापेक्षा मोठं यश कुठलं? गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लंपी आला तेव्हाही २०२२ मध्ये बाजार बंद झाले, घोटीचा बाजार, सगळे बाजार, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची असं ठरलं आणि महाराष्ट्रात एक कोटीच्या वर जनावरं टोचली गेली. मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत पण मिळाली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. २००९ चा कायदा आहे, त्यात रोगांची यादी आहे, यादीतला रोग दिसला तर खबर देणं बंधनकारक आहे. विषबाधेला असली यादी नाही, खबर देण्याची सक्ती नाही, नोंदवही नाही. जंतूला सरकारदरबारी इज्जत आहे, विषाला नाही.

आणि गंमत बघा, विष आणि जंतू यांची गल्लत ही काही निफाडची खासियत नाही. मोठमोठे फसलेत. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की कोंबड्या पटापट मरायला लागल्या, लाखाच्या वर मेल्या, सगळ्यांना वाटलं नवीन व्हायरस, कळेना म्हणून नावच ठेवलं टर्की एक्स. शेवटी निघालं काय तर ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्या पेंडीवरची बुरशी. त्यातून अफ्लाटॉक्सिन हा शब्द जगाला मिळाला. टर्की कशानं मेली हे विचारणारी माणसं नसती तर आपण आजपण बुरशीची पेंड घालून वर दूध पीत बसलो असतो. तसं बसलोच आहोत म्हणा. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने घेतले, त्यात ३६८ नमुन्यांमध्ये अफ्लाटॉक्सिन एम १, म्हणजे त्या बुरशीच्या विषाचं दुधात उतरणारं रूप, मर्यादेपेक्षा जास्त होतं. पाणी घातलेल्या दुधाची आपल्याला केवढी चीड, पण हे विष दूध उकळून जात नाही आणि ते कुणी मिसळत नाही, ते बुरशी लागलेला चारा खाल्लेल्या गाईच्या पोटातून येतं. येवला, नांदगाव, मालेगावकडं मका किती आहे ते बघा, आणि आता मुरघासाचं, म्हणजे बॅगेत हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचं फॅड, फॅड म्हणते म्हणून रागावू नका, मुरघास चांगलाच आहे, पण बॅगेला भोक पडलं, हवा गेली, वरचा थर हिरवा-काळा झाला की तो बाजूला काढून फेकायचा असतो, आपण तो "थोडाच आहे" म्हणून म्हाताऱ्या गाईला घालतो.

म्हणून कुणी मला म्हणालं की "इथं माणसांच्या दवाखान्यात डॉक्टर नाही आणि तुम्ही गुरांना लॅब मागताय", आणि हे म्हणणारे घरातच आहेत, माझा नवराच पहिला, तर माझं उत्तर एवढंच की सकाळचा चहा कशाचा पितोस? गाईच्या पोटात जे जातं त्याचा पुढचा मुक्काम आपणच आहोत.

गिधाडांची गोष्ट तर आपल्या अंगणातली. अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं आहेत, हरसूलकडं खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केलीय. पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतातून जवळजवळ ९९.९ टक्के गेली. सुरुवातीची काही वर्षं अभ्यासकांना कुठला तरी संसर्ग असेल असंच वाटत होतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवर काम झालं तेव्हा कळलं की डायक्लोफिनॅक, म्हणजे आपण बैलाचा पाय सुजला की टोचायचो ते साधं दुखण्यावरचं इंजेक्शन. जनावर मेलं, गिधाडानं खाल्लं, गिधाडाची किडनी गेली. शंभरातल्या एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरत होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर आकाश रिकामं झालं होतं. ती दोन-चार वर्षं आधी कळलं असतं तर? हे ठरवलं कुणी, तर मेलेला पक्षी फाडून त्याच्या किडनीत डोकावणाऱ्या माणसांनी.

उलटी गल्लत पण होते आणि ती गावाला जास्त महागात पडते. पावसाळ्याच्या तोंडाला धडधाकट गोऱ्हा संध्याकाळी चरून येतो आणि सकाळी मेलेला सापडतो. लगेच कुजबुज, वाटणीचं भांडण चालू आहे ना, त्यानंच घातलं असणार. फऱ्या किंवा घटसर्प या जंतूंच्या रोगांनी जनावर असंच जातं हे माहीत असूनही लोकांना शेजारी जास्त पटतो. मी अशी दोन घरं बघितलीत ज्यांचं बांधावरून बोलणं बंद झालं ते एका मेलेल्या बैलावरून, आणि बैल कशानं मेला ते आजतागायत कुणाला माहीत नाही. त्या दोन घरांना एक कागद मिळाला असता तर पोरांची लग्नं एकमेकांच्या मांडवात झाली असती. आणि फाशीनं, म्हणजे अँथ्रॅक्सनं जनावर गेलं असेल तर ते फाडायचंच नसतं, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर आधी कानाच्या टोकाचं रक्त काचपट्टीवर घेऊन बघायचं, कारण एकदा फाडलं की त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे बघा, शवविच्छेदन करायचं की नाही हे ठरवायलासुद्धा तीच काचपट्टी आणि तोच मायक्रोस्कोप.

आता थोडं अवघड बोलते, आमच्या बागाईतदारांना आवडणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या आगेमागे मेंढपाळांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, आपल्या भागात येतात. बागेतलं तण मेंढ्या साफ करतात, लेंडीखत पडतं, मेंढपाळाला दोन पैसे किंवा धान्य, सगळे खूष. पण बागेत वर्षभर बोर्डो मारलेला असतो, मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. आणि पाळीव जनावरांमध्ये तांब्याला सगळ्यात नाजूक कोण, तर मेंढी. ती लगेच मरत नाही. लिव्हरमध्ये साठवत राहते, आठवडे, महिने, आणि मग जरा लांबची चाल झाली, पावसात भिजली, कसला ताण आला की साठा एकदम रक्तात येतो, डोळे पिवळे, लघवी लाल, दोन दिवसात खलास. तोवर कळप तुमच्या बागेतून निघून तिसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. कुठल्या बागेनं मारलं हे कुणाला कळणार? माझं म्हणणं असं नाही की नाशिकच्या बागांमुळं मेंढ्या मरतायत. माझं म्हणणं असं आहे की मरत असतील तरी आपल्याला कळायची सोय नाही, आणि मरत नसतील तरी ते सिद्ध करायची सोय नाही. मेलेल्या चार मेंढ्यांची लिव्हर तपासली तर एका आठवड्यात उत्तर मिळेल. मेंढपाळाला लिव्हर कुठं नेऊन द्यायची तेच माहीत नाही.

मक्यावर लष्करी अळी २०१८ पासून आलीय, तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात औषध सोडणं हे नेहमीचंच झालंय. आणि चारा टंचाईत तोच मका हिरवा कापून गाईपुढं. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे द्राक्षाचा शेतकरी झोपेत सांगतो, मक्याच्या चाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. सिन्नरकडच्या म्हाताऱ्यांना ज्वारीची किराळ माहीत असते, पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, पोटभर खाल्लं तर जनावर गोठ्यापर्यंत पोचत नाही. ती माणसं ज्वारी गुडघ्याच्या वर जाऊन फुलोऱ्यात येईपर्यंत गुरं सोडत नाहीत. हे ज्ञान लॅबशिवायच आलंय, कुणाच्या तरी मेलेल्या बैलांच्या जिवावर. पण नव्या विषांचं असं पिढ्यांचं ज्ञान आपल्याकडं नाही, दर दोन वर्षांनी नवी बाटली येते, आणि म्हातारे तिच्याबद्दल काही सांगू शकत नाहीत.

मग मला हवंय काय? फार नाही. तालुक्याच्या प्रत्येक गुरांच्या दवाखान्यात चालू मायक्रोस्कोप आणि दोन-तीन स्टेन, हे पहिलं, आणि बल्ब गेला तर तो आठवड्यात बदलायचा अधिकार तिथल्याच माणसाला, त्यासाठी वरून मंजुरी नको. सायनाइडसाठी पिक्रेट पेपर असतो, पिवळी पट्टी विटकरी होते, चाऱ्यात साठणाऱ्या नायट्रेटच्या विषासाठी डायफिनाइलअमाइनचा थेंब निळा होतो, या दोन्ही तपासण्या गोठ्यात उभं राहून होतात, चाऱ्यावर पण करता येतात, म्हणजे जनावर मरायच्या आधी. मोठ्या तपासणीला नमुने पुण्याला औंधच्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत जातात, जाऊ देत, पण नीट भरून जाऊ देत. लिव्हर, किडनी, पोटातलं अन्न वेगवेगळ्या बरणीत, बर्फात, आणि विषासाठीच्या बरणीत फॉर्मालिन ओतायचं नाही. फॉर्मालिन ओतलं की तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ठीक, विष शोधायला बहुतेक वाया. ही चूक किती ठिकाणी होत असेल देव जाणे.

आणि आमच्या लॅबसारख्या ज्या लॅब आहेत त्यांच्या मशीन मे ते डिसेंबर एवढ्या गजबजलेल्या नसतात. द्राक्षाची मेथड जशीच्या तशी लिव्हरला चालत नाही, लिव्हरमध्ये चरबी असते, रक्त असतं, नव्यानं मेथड बसवावी लागेल, व्हॅलिडेशन करावं लागेल, माणूस शिकवावा लागेल, पैसे लागतील. हे मी काम करते म्हणून सांगतेय, सोपं आहे असं अजिबात म्हणत नाही. पण मशीन याच जिल्ह्यात आहे. सरकारनं दर ठरवून नमुने पाठवले तर कुठलीही लॅब नाही म्हणणार नाही, माझे साहेब तर नाहीच नाही.

तिसरं, तो कानातला पिवळा बिल्ला. बारा आकडी नंबर, लसीकरण त्यावर, रेतन त्यावर, विम्याच्या क्लेमलाही बिल्लाच बघतात. मग त्याच नंबरपुढं मेल्यावर कारण का लिहायचं नाही? तपासलं असेल तर तपासून, नसेल तर सरळ "तपासलं नाही" असं लिहा, "असावा" नको. दोन वर्षांत नकाशा दिसायला लागेल, कुठल्या गावात मंदीच्या महिन्यात गाई जातात, कुठं पहिल्या पावसानंतर जातात. पोस्टमार्टेम आपल्याकडं होतं ते मुख्यतः विमा असेल तर, म्हणजे गाय कंपनीसाठी मरते, पुढच्या गाईसाठी नाही. ज्याचा विमा नाही त्याच्या जनावराचं पोस्टमार्टेम फुकट व्हावं आणि रिपोर्टची कॉपी मालकाला मिळावी, मराठीत. रिपोर्ट मिळत नसेल तर पुढच्या वेळी कुणी डॉक्टरला बोलावणारच नाही, जेसीबीला बोलावेल.

शहरातल्या लोकांना हे सगळं लांबचं वाटत असेल तर कॉलेज रोडवरच्या श्वानप्रेमींसाठी एक. नाशिकमध्ये राहून कुत्र्याला द्राक्षं घालू नका, बेदाणे तर मुळीच नको. द्राक्षानं कुत्र्याची किडनी जाते हे बरीच वर्षं माहीत होतं पण का ते कळत नव्हतं. एकाला मूठभर बाधायचं, दुसरा घोस खाऊन टुणटुणीत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की क्रीम ऑफ टार्टर घातलेली घरगुती खेळण्याची माती खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं अगदी द्राक्षासारखीच आहेत, आणि संशय टार्टारिक ॲसिडवर गेला. द्राक्ष किती पिकलंय, कुठल्या जातीचं आहे यावर ते कमीजास्त होतं, म्हणून एकाला बाधतं आणि एकाला नाही. द्राक्षाच्या राजधानीत बसलेल्या आपल्याला हे तिकडून कळलं. कसं कळलं, तर तिकडं फोन करायला केंद्र आहे, प्रत्येक फोनची नोंद होते, आणि कुणीतरी बसून त्या नोंदी वाचतं. आपल्याकडं १९६२ नंबर आहे, फिरता दवाखाना येतो, चांगली सोय आहे. त्या फोनवर "काय खाल्लं होतं?" हा एक प्रश्न वाढवला आणि उत्तर लिहून ठेवलं तरी सुरुवात होईल.

चंद्रीची कालवड आता गाभण आहे. कांदा पुन्हा पडला तेव्हा भावानं ढिगाभोवती जुनी द्राक्षाची तार ओढली, आई रोज संध्याकाळी धार काढायच्या आधी दुसऱ्या गाईचं तोंड हुंगते आणि काही बोलत नाही. मायक्रोस्कोपचा बल्ब मी नाशकातून विकत नेऊन दिला, मंजुरीची वाट बघत बसले असते तर कालवडीची पण गाय झाली असती. डॉक्टर खूष झाले, चहा पाजला. परवा भावाचा फोन आला, शेजारच्यांच्या म्हशीला लाल लघवी झालीय, डॉक्टरांनी स्लाइड काढली, पण आता स्टेन संपलाय म्हणतात.